उमरावांचा श्वास

उमराव मेलेले आहेत ही गोष्ट आमच्याकडे सर्वमान्य आहे, आणि तरी मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, सगळ्यांच्या देखत, मोठ्या पडद्यावर त्यांनी श्वास घेतला. एकदा नाही, दोनदा. नवव्या सेकंदाला डावा डोळा उघडेपर्यंत त्यांनी निपचित पडून राहायचं होतं. सगळा विनोदच त्यावर उभा होता. पण चौथ्या सेकंदाच्या आसपास त्यांच्या जांभळ्या कोटाचं मधलं बटण केसभर वर आलं आणि केसभर खाली गेलं, आणि सातव्याला पुन्हा तसंच. खोलीत आम्ही चौघं होतो: दिग्दर्शक, कॅमेरावाला, सेट सोडवायला आलेला सुतार आणि मी. ते तिघं हसले, आणि अगदी हसायचं तिथेच हसले, डोळा उघडल्यावर. सुतार तर मांडीवर थाप मारून हसला, आणि सुताराला हसवणं सोपं नाही, कारण त्याने ही सगळी भुतावळ आतून पाहिलेली आहे, तारा आणि स्पंजासकट. मी हसले नाही.

उमराव म्हणजे आमच्या मालिकेतले रक्तपिपासू. उंची दीड वीत, वय सहाशेच्या पुढे, सुळे आता रात्रंदिवस ग्लासातल्या पाण्यात. त्यांच्यासोबत एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणखी तिघं राहतात: लांडगोबा, जो पौर्णिमेला लांडगा होतो आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची जाळी त्याच्या केसांनी तुंबते, गुंडाळीबाई, तीन हजार वर्षं पट्ट्यांत गुंडाळलेल्या आणि तरी दर शनिवारी नव्या पुरुषाला भेटायला जाणाऱ्या, आणि ठिगळ्या, सात माणसांचे तुकडे शिवून केलेला, ज्याचा उजवा हात मूळचा एका बाहेरख्याली गृहस्थाचा असल्यामुळे अजून त्याचं ऐकत नाही. एकेकाळी गावंच्या गावं घाबरवून सोडलेली ही मंडळी आता पाण्याच्या टाकीवरून आणि पलंगातल्या अपयशांवरून भांडतात. मालिका मोठ्यांसाठी आहे. एका बाईंनी आम्हाला पत्र लिहून कळवलं होतं की त्यांनी ती चुकून सासऱ्यांसोबत बसून पाहिली आणि घरात आठवडाभर कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. ते पत्र आम्ही दाराला चिकटवलं आहे.

ह्या सगळ्यांना मी हलवते. लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते, कारण त्यापेक्षा जास्त सांगितलं की त्यांची नजर घड्याळाकडे जाते. बाहुला ठेवायचा, फोटो काढायचा, बाहुला केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की एक सेकंद होतो, आणि दिवसभर मान मोडून काम केलं की तीन सेकंद. एकतीस वर्षं मी हेच करते आहे, आणि उगाच नम्रता दाखवण्यात अर्थ नाही, माझ्यासारखं करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. आमच्या कामातला पहिला धडा असा, की पडद्यावर जे पूर्ण स्थिर राहिलं ते मेलं. माणूस नुसता उभा असला तरी कुठेतरी हलत असतो. बाहुला नुसता उभा केला तर दोन सेकंदांत त्याचं लाकूड होतं. म्हणून गप्प उभ्या बाहुल्यालाही आम्ही सोडत नाही. मान जराशी, पापणी जराशी, छाती तर कायम. ह्याला आम्ही जिवंत ठेवणं म्हणतो. मी झोपेत सुद्धा ठेवू शकते. पण ह्या शॉटमध्ये उलटं काम होतं. इमारतीची बैठक चुकवायला उमराव पेटीत मेल्याचं सोंग घेऊन पडतात, घरातले घाबरून डॉक्टर बोलावतात, डॉक्टर नळी लावून बघतो, आणि मग म्हणतो, "गेले हे." त्यावर ठिगळ्या म्हणतो, "ते कधीच गेलेत हो, बैठकीला येतायत का ते सांगा." आणि डोळा उघडतो. आजूबाजूला सगळं हलतं, मेणबत्तीची ज्योत, लांडगोबाचं शेपूट, डॉक्टरचा हात; मधोमध उमराव मात्र ठार मेलेले. त्यांच्या पाठीतून दोन बोल्ट मीच आवळले होते, हाताला वळ उठेपर्यंत. दिग्दर्शकाने हा शॉट हातात घेण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, हा दुसऱ्या कोणाला देऊ का? नाही म्हणजे, तुझ्याकडे आत्ताच..." मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही. म्हटलं, मेलेला नट माझ्याइतका चांगला कोण सांभाळणार आहे तुझ्याकडे? तो ओशाळला. मला बरं वाटलं.

"ताई, तोंड का असं?" आता तो विचारत होता.

"श्वास घेतला त्यांनी."

"कोणी?"

"उमरावांनी. परत लाव."

त्याने परत लावलं. तीनदा लावलं. तिन्ही वेळा बटण वर गेलं आणि खाली आलं, इतक्या समजूतदारपणे की ते मी मुद्दाम केलं असतं तर स्वतःची पाठ थोपटली असती. दिग्दर्शक पडद्याला नाक लावून उभा राहिला. "मला शपथेवर काही दिसत नाही," तो म्हणाला. कॅमेरावाला म्हणाला, "ताई म्हणतात म्हणजे असणार." ह्याला कारण आहे. माझ्या नजरेला इथे कोणी आव्हान देत नाही. मागे एकदा कोणाचा तरी कोपर लागून दिवा सुताएवढा सरकला होता, तो मी दाराशी उभी राहून सांगितला होता. मोजपट्टी आणली तेव्हा खरंच एक सूत निघालं. दिग्दर्शक म्हणाला, "असेलही. दिव्याच्या उष्णतेने आतला स्पंज फुगला असेल. त्यात एवढं काय, कॉम्प्युटरवाला पहिल्या फोटोतली छाती उचलून सगळीकडे चिकटवेल, दहा मिनिटांचं काम. फक्त नक्की सांग. सुतार थांबलाय, दुपारी ह्याच टेबलावर न्हाणीघर उभं करायचंय."

"मला थोडा वेळ दे."

"वेळ कशाला? एक कळ दाबायची. पहिला फोटो आणि अठ्ठेचाळिसावा आलटून पालटून बघायचे. बटण हललं की नाही ते आत्ता कळेल."

"कळ कुठली ते मला माहीत आहे. तुला ती मीच शिकवली आहे."

"बरं बाई," तो म्हणाला, आणि ते तिघं चहाला गेले.

मग मी कॉम्प्युटरसमोर बसले, दोन फोटो शेजारी शेजारी काढून ठेवले, कळीवर बोट ठेवलं, आणि दाबलं नाही. हे मला स्वतःलाही हास्यास्पद वाटलं. दिवसातून तीनशे वेळा मी ती कळ दाबते. शेजारच्या टेबलावर उमराव पेटीत पडलेले होते, हात छातीवर, एक डोळा उघडा, तशाच अवस्थेत ज्यात मी त्यांना काल संध्याकाळी सोडलं होतं. त्यांच्याकडे बघायला नको म्हणून मी कळीकडे बघत बसले, आणि कळीकडे बघता बघता मला चादर दिसली. पिवळी, फुलाफुलांची. आईला ती आवडत नव्हती, पण तीच सगळ्यात मऊ होती. सात महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी दहाला डॉक्टर येऊन गेले. आमचे डॉक्टर चांगले आहेत, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी नळी लावली, डोळ्यांत उजेड टाकून बघितला, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले, "गेल्या." दादा त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेला. खोलीत मी आणि आई. चादर छातीपर्यंत होती. मी पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीवर होते, आणि सवयीने, मला शपथ आहे, निव्वळ सवयीने, मी नजरेने चादरीवरचं एक फूल धरलं आणि मागच्या कपाटाची मूठ धरली. आम्ही असंच बघतो. हलणारी वस्तू कधी नुसती बघत नाही, मागची एक न हलणारी वस्तू धरून तिच्याशी ताडून बघतो. आणि ते फूल मुठीच्या रेषेवर केसभर वर गेलं. आणि खाली आलं. थोड्या वेळाने पुन्हा.

दादा आत आला तेव्हा मी म्हटलं, "दादा, श्वास." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस तू जरा," तो म्हणाला, "पाणी आणतो." तो पाणी घेऊन आला, मी प्यायले, आणि त्यानंतर मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. डॉक्टर अजून खाली रस्त्यावर असतील, गाडीत बसत असतील, खिडकीतून हाक मारली असती तर वर आले असते. मी हाक मारली नाही. का नाही मारली ते मला नीट माहीत आहे, आणि सात महिने मी ते स्वतःला दुसऱ्याच शब्दांत सांगत आले आहे: डॉक्टरांना कळत नाही का, दादाला वाईट वाटेल, वगैरे. खरं असं की मी दमले होते. तीन महिने तिची औषधं, तिची कूस बदलणं, तिचं चिडणं, माझं चिडणं, आणि हे करून इथे येऊन गुंडाळीबाईंना हसत हसत पुरुषाच्या मांडीवर बसवणं. कोणीतरी "गेल्या" म्हटलं होतं, आणि माझ्या आत काहीतरी खाली बसलं होतं, आणि ते मला पुन्हा उठवायचं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. एक फूल दोनदा हललेलं मी बघितलं आणि गप्प बसले.

आणि काय बाई होती आई! माझी नजर म्हणून हे लोक ज्याला घाबरतात ती मुळात तिची. सव्वीस वर्षं ती काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. पांढऱ्या उजळ काचेसमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जात, मिनिटाला साठ, आणि तडा गेलेली, बुडबुडा अडकलेली, मान वाकडी असलेली बाटली ती हात घालून उचलायची. घरी दूधवाल्याने आणलेली बाटली सुद्धा ती आधी उजेडाकडे धरायची. माझं काम तिला कधी फारसं थोर वाटलं नाही. पाहुण्यांना सांगायची, "ही बाहुल्या खेळते. चोपन्न वर्षांची झाली, अजून खेळते." एकदा तिला इथे आणलं होतं. दिग्दर्शक तिला उमराव दाखवायला घेऊन गेला, त्यांची वंशावळ, त्यांचं रेशमी अस्तर, सगळं सांगू लागला; तिने एवढंच विचारलं, "ह्यांच्या डाव्या बुटाला ओरखडा आहे, तो तुमच्याकडून की आधीचाच?" ओरखडा कोणालाच माहीत नव्हता. त्या रात्री जेवताना ती अधूनमधून कारण नसताना खुदकन हसत होती. मालिकेचा मात्र तिने एकही भाग चुकवला नाही. गुंडाळीबाईंच्या त्या भागाला, ज्यात ऐन वेळी पट्टीचं टोक दारात अडकतं, मी चोरट्यासारखी तिच्याकडे बघत होते, आणि ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. "ह्या मेल्यांना लाज म्हणून नाही," म्हणाली, "आणि तुला त्याहून नाही."

तर मी कळीवर बोट ठेवून बसले होते. बटण हललं असेल तर माझी नजर खरी. आणि माझी नजर खरी असेल तर त्या रविवारी फूलही हललं होतं, आणि मी माझ्या आईला श्वास चालू असताना सोडलं. बटण हललं नसेल तर आई गेलेलीच होती. पण मग एकतीस वर्षं जिच्या जोरावर मी मान ताठ ठेवून ह्या दारातून आत येते, ती नजर मला नसलेलं दाखवते. एखादा वकील म्हणाला असता की बाई, बाहुल्याच्या बटणावरून चादरीचं काही सिद्ध होत नाही. होत नसेल. पण डोळे तेच, बघण्याची रीत तीच, हलल्याचं मापही तेच केसभर. मला दुसरा साक्षीदार कुठून मिळणार होता? आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की त्या क्षणी मला दोन्ही हवं होतं. आई गेलेली हवी होती आणि नजर शाबूत हवी होती. नजरेसाठी मी किती अडून बसले होते हे बघून मला स्वतःचा रागच आला. म्हणजे कौतुक टिकावं म्हणून आईचा श्वास चालू ठेवायला तयार झालेली मी. वा.

बाहेर चहाचे कप आपटल्याचा आवाज झाला, कोणीतरी मोठ्याने काहीतरी सांगत होतं. मी डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यामुळे असेल, मला आईचे मिटलेले डोळे आठवले. आजारपणातले नव्हेत, त्याच्या कितीतरी आधीचे. कारखान्यातून आली की ती दारात चप्पल काढून सरळ खुर्चीत बसायची आणि दहा मिनिटं डोळे मिटून घ्यायची. आम्ही दोघं भूक भूक करत तिच्याभोवती नाचायचो. मी एकदा चिडून म्हटलं, घरी येऊन झोपतेस काय? ती डोळे न उघडता म्हणाली, "झोपत नाही ग. भिंती थांबायची वाट बघते." मला काही कळलं नाही. तिने सांगितलं की दिवसभर बाटल्या एका बाजूला सरकताना बघितल्या की संध्याकाळी घर दुसऱ्या बाजूला सरकायला लागतं. कपाट चालतं, खिडकी चालते, तुम्ही दोघं चालता. "मग तुला भीती नाही वाटत?" दादाने विचारलं होतं. "भीती कसली? डोळे कामावरून यायला थोडा वेळ लावतात," ती म्हणाली, "तोवर त्यांचं ऐकायचं नाही, बस."

मी कळ दाबली.

पहिला फोटो. अठ्ठेचाळिसावा. पहिला. अठ्ठेचाळिसावा. ज्योत उडी मारत होती, शेपूट इकडून तिकडे होत होतं, डॉक्टरची नळी वरखाली होत होती. बटण जागच्या जागी. मी ते दहापट मोठं केलं, त्याच्या चार भोकांमधला दोरा दिसायला लागेपर्यंत. बटणाच्या कडेशी पडद्यावर बारीक खूण केली आणि एकशे आठच्या एकशे आठ फोटो एकेक करून बघितले. त्याने खूण ओलांडली नाही, शिवली नाही. बोल्ट मी चांगलेच आवळले होते. सगळ्या फोटोंत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, उमराव साफ मेलेले होते. मग मी पुन्हा सगळं सलग चालवून बघितलं, आणि त्यांनी चौथ्या सेकंदाला अगदी शांतपणे श्वास घेतला. मला हसू आलं. एकटीच हसले, मोठ्याने. माझ्या नजरेला मी एकतीस वर्षं एकच काम लावलं होतं, निपचित पडलेल्यात जीव बघायचं, आणि ती बिचारी कोणी थांब म्हणेपर्यंत तेच करत राहिली होती, उमरावांच्या बाबतीतही आणि पिवळ्या चादरीच्या बाबतीतही. चूक माझी होती. इतकी सुंदर चूक मी आयुष्यात केली नव्हती.

सुतार दारात आला, हातात पाना. "ताई, काय करू? सोडवू?"

"सोडव."

"नक्की? हलले नव्हते ना?"

"नाही," मी म्हटलं. "नव्हते हलले. मला उगाच दिसलं."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून असलं वाक्य त्याने ऐकलेलं नव्हतं, आणि दुपारपर्यंत ते सगळ्या इमारतीत होणार हेही मला दिसत होतं. होऊ दे, म्हटलं. तो पेटीशी वाकला आणि उमरावांच्या पाठीतले बोल्ट सैल करायला लागला, आणि मी फोन घेऊन खिडकीशी गेले. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. साठीला आला तरी अजून स्वतः वर चढतो, आणि कामाच्या वेळी फोन केलेला त्याला आवडत नाही.

"बोल ग," तो म्हणाला. मागे काहीतरी घरघरत होतं. "वर चढलोय, पटकन बोल."

"दादा," मी म्हटलं, "आई गेली."

घरघर थांबली. मला वाटलं तो विचारेल, डोकं ठिकाणावर आहे का, सात महिने झाले. विचारायला हरकत नव्हती. तेरा दिवसांचं सगळं मीच हिंडून केलं होतं, लोकांना फोन मीच केले होते, तिची औषधं मीच परत नेऊन दिली होती, आणि हे दोन शब्द तेव्हा शंभर जणांना सांगितले होते. पण ते मी ज्यांना सांगितले त्यांच्यासाठी सांगितले होते.

"हो बये," तो म्हणाला. "गेली."

"डॉक्टर म्हणाले तेव्हाच गेली होती."

"त्याच्या थोडं आधीच. मी हात धरला होता ना तिचा."

मी नाक ओढलं. खिडकीची चौकट धुरकट झाली, मागे सुताराने पाना खाली ठेवला आणि तो पाय न वाजवता खोलीबाहेर गेला.

"रड तू," दादा म्हणाला. "मी लिफ्ट बंद करून ठेवलीय."